चौथ्या कुडाची फळी

गफूरभाई, काल तुमची शोकसभा झाली. शर्यतींच्या क्लबाच्या सभागृहात तुम्हाला खुर्चीवर बसलेलं मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. खुर्चीवर तुमचा फोटो होता. त्याला हार घालावा की नाही, तुमच्यात चालतं का, यावर पाच मिनिटं कुजबुज झाली आणि शेवटी हार फोटोच्या पायाशी ठेवायचं ठरलं. इतका शहाणा निर्णय या समितीने यापूर्वी घेतल्याचं मला आठवत नाही, आणि सभांची इतिवृत्तं मीच लिहितो.

फोटोत तुमचा उजवा हात वर जातो आणि चौकटीपाशी संपतो. त्या हातात शेवंतीचा लगाम होता. शोकसभेला घोडी शोभणार नाही म्हणून तिला कापून टाकलं. उरलात तुम्ही, हात वर करून, कुणाला तरी थांबवत असल्यासारखे.

अध्यक्ष तुम्हाला अश्वसेवेचा दीपस्तंभ म्हणाले. आपल्या जिल्ह्याला समुद्र आहे, त्यामुळे दीपस्तंभ खपून गेला. तुमचा जन्म, घराणं, पनवेल स्टेशनबाहेरचा तुमच्या वडिलांचा टांगा, हेही सगळं सांगून झालं. त्यात तीन चुका होत्या. मग घोषणा झाली की शर्यतीच्या मार्गावरच्या चौथ्या अडथळ्याला तुमचं नाव द्यायचं. संगमरवरी पाटी बसेल. "मजकूर आपले मास्तर लिहितील. दोन ओळी, पण भावपूर्ण."

टाळ्या पडल्या. बाहेर आलो तर बुधीबाई उभी होती. डोंगराकडच्या वाडीवरून दरवर्षी तुम्हाला कारवी आणून देणारी. तिला आत कुणी बोलावलं नव्हतं.

"मास्तर, यंदाची कारवी कोन बघून घेनार?" तिने विचारलं.

मी म्हटलं, समिती घेईल.

"समितीला वाकवून बगता येतं का?"

तुम्ही कारवीची प्रत्येक काडी गुडघ्यावर टेकून वाकवायचात. कडकन मोडली तर फेक, वाकून सरळ झाली तर घे. घोड्याच्या पोटाला लागली तर काडीने माघार घ्यायला हवी, घोड्याने नाही, असं म्हणायचात. क्लबातले लोक त्या अडथळ्यांना फेन्स म्हणत. तुम्ही कूड म्हणायचात, कारण लाकडी चौकटीत कारवी ठासून भरायची रीत तुम्ही कुडाच्या घरांवरून उचलली होती. कर्नाळ्याच्या रस्त्यालगतच्या त्या माळावर तुम्ही असे नऊ कूड उभे केलेत. मला तर पहिल्यांदा वाटलं होतं, कुणीतरी घरं बांधायला घेतली आणि एकेका भिंतीनंतर त्याचा बेत बदलला.

दोन भावपूर्ण ओळी मला काही जमल्या नाहीत. हे जे लिहितोय ते त्याऐवजी आहे.

मी तुमच्याकडे आलो तो ग्रंथालयातला निवृत्त माणूस म्हणून, क्लबाच्या इंग्रजी पत्रव्यवहारासाठी. घोड्यांबद्दल मी भरपूर वाचलं होतं आणि घोडा लग्नाच्या वरातीत पाहिला होता. तुम्ही मला मास्तर म्हणू लागलात. मी कधीच शिकवलं नाही म्हटल्यावर म्हणालात, "इतकी पुस्तकं सांभाळलीत, काहीतरी अंगाला लागलं असेल." आणि पहिल्याच थंडीत मला चौथ्या कुडाजवळ उभं केलंत. "इथून बघा. स्टॅण्डवरून फक्त टोप्या दिसतात."

सात घोडी चौखूर आली. आधी जमीन कळली, मग आवाज आला. मग एकदम आवाज नाहीसा झाला, कारण सातही घोडी हवेत होती. कारवीचे शेंडे सरसरले, आणि पलीकडे एकामागून एक खूर आदळायला लागले. मी साठीला आलो होतो आणि ओरडत होतो. काय ओरडत होतो ते तुम्ही नंतर पुष्कळांना सांगितलंत. मी ते नाकारत आलो. आता नाकारत नाही. मी "या, या" म्हणत होतो, पाहुण्यांना म्हणावं तसं.

सपाट धावणारा घोडा मला त्यानंतर कधी आवडला नाही. तो नुसता घाईत असतो. उडी मारणारा घोडा मात्र काहीतरी ठरवतो, असं मला वाटत आलं. तुम्हाला वाटत नव्हतं, तुम्हाला ते माहीत होतं. दर एप्रिलमध्ये तबेल्यातल्या बाकावर बसून माझ्या फोनवर आपण विलायतेतल्या उड्यांची शर्यत बघायचो. "आवाज बंद करा मास्तर. तो बोलणारा माणूस घोड्याच्या आधी पडतो." आवाज बंद करून आपण चाळीस घोड्यांचे कान बघायचो. कोण पडणार ते तुम्ही कुडाच्या दहा पावलं आधी सांगायचात आणि दहांत सात वेळा बरोबर यायचं. उरलेल्या तीन वेळा तुम्हाला जास्त आनंद व्हायचा.

एकदा मी तुम्हाला टोचून विचारलं होतं की या सगळ्यात घोड्याला कुणी विचारलंय का. तुम्ही चिडला नाहीत. "मी विचारतो," म्हणालात. आणि खरंच, शर्यतीच्या आदल्या दिवशी तुम्ही प्रत्येक घोडं हाताने धरून नऊही कुडांपाशी न्यायचात, कारवी हुंगू द्यायचात, पायथ्याच्या फळीला नाक लावू द्यायचात. ज्याने कान मागे टाकले त्याचं नाव कापायचं, मग मालक कुणीही असो. मी त्याला घोड्यांचं मतदान म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "इथे निदान बोगस होत नाही."

त्या पायथ्याच्या फळीबद्दल मला लिहायचं आहे, म्हणून एवढा वेळ घालवतोय.

दोन वर्षांपूर्वी समितीने मार्ग बदलायचं ठरवलं. कूड वीतभर उतरवायचे आणि चौथ्याच्या पुढ्यातला चर बुजवायचा. ज्या तालुक्यात अख्खे डोंगर सपाट झाले तिथे एक चर वाचवायला कोण उभं राहणार? तुम्ही राहिलात. आणि मी तुमच्या विरुद्ध बोललो, कारण मी वाचलं होतं की चरात घोडी पाय मोडतात. तुम्ही म्हणालात, चर दिसला की घोडी सावध होते, बुजवलात की बेफिकीर येईल, जोरात येईल, आणि जोरात पडेल. आपण त्यावर तबेल्यात भांडलो, स्कूटरवर भांडलो, तुमच्या नातीच्या निकाहात बिर्याणीच्या पंगतीत भांडलो. चर बुजल्यानंतरच्या पहिल्या मोसमात एकही घोडं पडलं नाही. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "नशीब आहे, नियम नाही." तो वाद मी अजून हरलेलो नाही, गफूरभाई. माझं म्हणणं कदाचित बरोबरही असेल. आता ते कुणाला ऐकवू ते कळत नाही.

फळीची गोष्ट निराळी. तिथे माझं काही म्हणणंच नव्हतं, कारण मी डोळ्यांनी बघितलं होतं.

प्रत्येक कुडाच्या पायथ्याशी, घोडं ज्या बाजूने येतं तिकडे, तुम्ही आडवी फळी ठोकून तिला चुना द्यायचात. ती पांढरी रेघ लांबून दिसली की घोड्याला कळतं, जमीन इथे संपते, इथून उचलायचं. गेल्या वर्षी एक नवे प्रायोजक मिळाले. त्यांचा रंग केशरी. फाटक केशरी, टोप्या केशरी, पाण्याच्या बाटल्या केशरी. फळ्याही केशरी हव्यात, असं आलं.

तुम्ही मला माळावर बोलावून घेतलंत. गवतावर दोन फळ्या टाकल्या होत्या, एक पांढरी, एक केशरी. शेवंतीला दुडक्या चालीने तुम्ही पाच वेळा त्यांवरून नेलंत. पांढरीवर ती पाय उचलायची. केशरीला चार वेळा तिचा खूर लागला. पाचव्या वेळी ती थांबून खाली बघू लागली, की हे काय सारखं लागतंय.

"तिला केशरी दिसत नाही," तुम्ही म्हणालात. "गवतात गवतच दिसतं."

मी घरी जाऊन पुस्तकं काढली. तुमचं खरं होतं. घोड्याच्या डोळ्याला तो रंग हिरव्यापासून वेगळा काढता येत नाही. मी तुम्हाला फोन करून मोठ्या आनंदाने सांगितलं की पुस्तकातही तसंच आहे. तुम्ही म्हणालात, "चला, पुस्तक पास झालं."

मग ती बैठक. तुम्ही दाराशी उभे होतात. अध्यक्षांनी विचारलं म्हणून तुम्ही सांगितलंत की फळ्या पांढऱ्याच असू द्या. एक सदस्य खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "काय गफूर, भगव्याची अडचण आहे का तुला?"

"मला नाही साहेब. घोडीला आहे."

सगळे हसले. मोठा विनोद झाला असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही हसत नव्हतात. मी हातात पेन धरून बसलो होतो. माझ्याकडे पुस्तक होतं, डोळ्यांनी बघितलेली पाच खेपांची साक्ष होती, आणि त्या टेबलाभोवती बसण्याचा मान होता. मी हसलो, गफूरभाई. फार नाही, थोडंसं, खाली बघून. आणि लिहिलं, "रंगाबाबत सूचना आली. नोंद घेण्यात आली."

बाहेर स्कूटरपाशी तुम्ही विचारलंत, "मास्तर, तुम्ही बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"विषय वाढला असता."

"वाढायला पाहिजे होता." तुम्ही किक मारलीत. स्कूटर सुरू झाली नाही. दुसऱ्यांदा मारायच्या आधी म्हणालात, "मी पुन्हा बोललो तर माझा मजहब काढतील. घोडीचे डोळे कोण बघणार मग?"

केशरी फळ्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ठोकल्या गेल्या, तुमची घोड्यांची फेरी आटोपल्यावर. एकाही घोड्याने त्यांना नाक लावलं नव्हतं.

शेवंतीवर सायली होती. तुम्ही तिला उरणच्या किनाऱ्यावर शोधून काढलं होतंत. करंजाच्या कोळ्याची मुलगी, मामाचं भाड्याचं घोडं पर्यटकांना फिरवायची, आणि गिऱ्हाईक नसलं की वाळूत पडलेल्या जाळ्यांच्या ढिगावरून ते उडवायची. तुम्ही तिला सात वर्षं घडवलंत. त्या सकाळी ती तुम्हाला म्हणाली, "चाचा, आज पयली नाय आलं तं मी मासं इकीन." तुम्ही म्हणालात, "पहिली आलीस तरी वीक. माझ्यासाठी सुरमई ठेव."

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर घोडी उन्हात उभी होती. मी हिरवं निशाण घेऊन चौथ्यापाशी, तुम्ही कुडाच्या पलीकडे.

शेवंती सगळ्यांत पुढे होती. कान टवकारलेले, चाल मोकळी. जिथे उचलायचं तिथे तिने उचललं नाही. आणखी एक पाऊल टाकलं, जिथे पाऊल टाकायला जागा उरली नव्हती, आणि छातीने कुडात शिरली. कारवी वाकली, चौकटीचं लाकूड वाकलं नाही. सायली तुमच्यापाशी येऊन पडली. शेवंती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठू लागली. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडे लोंबत होता.

घोड्यांच्या डॉक्टरांनी मान हलवली. आडोसा हवा होता. त्यासाठी ठेवलेली ताडपत्री मांडवाला वापरली होती. मग कुणीतरी धावत जाऊन फाटकावरचा फ्लेक्स काढून आणला आणि चौघांनी तो धरला. मी त्याच्या अलीकडे होतो. पलीकडे तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेतलं होतंत. तुम्ही तिच्याशी काय बोलत होतात ते मला ऐकू आलं नाही. अलीकडून मला फक्त हात जोडून हसणारे आठ चेहरे दिसत होते. त्यांच्यामागून गोळीचा आवाज आला. चेहरे जरासे हलले.

अहवाल मी लिहायचा होता. अध्यक्षांचा फोन आला. "मास्तर, सौम्य लिहा. रंगबिंग नको त्यात. मुलगी काय, बरी होईल, येईल परत." सायलीचं डाव्या खांद्याकडचं गळ्याचं हाड मोडलं होतं. मी लिहिलं, "स्वाराचा अंदाज चुकल्याने दुर्दैवी अपघात घडला." किती सुबक वाक्य. समितीने त्याच वाक्याचा आधार घेऊन तिला पुढील आदेशापर्यंत मैदानावर यायला बंदी केली.

तुम्ही त्यासाठी माझ्या घरी तीन वेळा आलात. नवीन पनवेलातला माझा तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिल्यांदा फेब्रुवारीत आलात, म्हणालात, "तिचं नाव काढा त्यातून." मी म्हटलं, पुढच्या बैठकीत विषय घेतो. दुसऱ्यांदा ईदनंतर, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. डबा रिकामा परत न्यायचा नसतो म्हणून मी त्यात लाडू घातले, आणि म्हटलं, वार्षिक सभेत बघू. तिसऱ्यांदा सप्टेंबरात. तुम्ही प्रत्येक मजल्यावर थांबत होतात. दार उघडायच्या आधी मला तुमचा श्वास ऐकू आला होता. तुम्ही आतापर्यंत डोंगर चढत आलात, जिना तुम्हाला काय, असं मला वाटलं.

पाणी पिऊन तुम्ही म्हणालात, "करंजाला मासळीच्या लिलावात बसते आता. बसू दे, इज्जतीचं काम आहे. पण किनाऱ्यावर घोडं दिसलं की ही पाठ फिरवते. तिला वाटतं, शेवंतीला तिने मारलं. मी सांगितलं, नाही. म्हणाली, चाचा, तुमी मायेनं बोलता, कागदावं तं माजंच नाव हाय." मग पेला खाली ठेवून, "तुमच्या एका ओळीचं काम आहे, मास्तर."

मी म्हटलं, "दिवाळीनंतर नक्की."

"ठीक आहे," म्हणालात. कधी नव्हे ते कठडा धरून उतरलात. मी वरून बघत राहिलो आणि हाक मारली नाही.

दिवाळी झाली. त्याच आठवड्यात एका सकाळी तबेल्यात पाण्याची बादली भरता भरता तुम्ही गेलात. कबरस्तानात मला पुढे केलं, तीन मुठी माती टाकायला. तुमच्या मुलाने हळूच सांगितलं, "अब्बा तुमच्याबद्दल बोलायचे, मास्तर लिहितील म्हणून." 'लिहितील' असं तो म्हणाला. तुम्ही अखेरपर्यंत मला भविष्यकाळात ठेवलंत. शिव्या दिल्या असत्यात तर सोपं गेलं असतं.

तुमच्याकडून मला जे मिळालं त्याचा हिशोब मला येत नाही. उतारवयात माणूस फार करून एखादं मत बदलतो. मला तुम्ही नव्याने ओरडायला शिकवलंत. आणि मोबदल्यात तुम्ही एकच गोष्ट मागितली होतीत, जी मला उत्तम येते.

काल रात्र व्हायची वाट न बघता, सभेवरून घरी येताच, चपला न काढता नवा अहवाल लिहायला बसलो. पाऊण तास लागला. नऊ महिने टाळलेल्या कामाला पाऊण तास. फळीचा रंग, तुमचा इशारा, माळावरच्या पाच खेपा, बैठकीतला तो प्रश्न शब्दशः, तुमचं उत्तर शब्दशः, माझं हसणं. शेवटी लिहिलं, स्वाराची चूक नव्हती, आधीचा अहवाल मी खोटा लिहिला होता. खाली सही केली.

आज सकाळी अध्यक्षांच्या हाती दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

"आत्ता हे कशाला, मास्तर? माणूस गेला."

"माणूस गेला म्हणूनच."

"आणि पाटीचा मजकूर?"

"हाच आहे."

ते हसले नाहीत. टेबलाच्या खणात कागद ठेवला. "फळ्यांचं बघू. तीन वर्षांचा करार आहे." मी सांगितलं की प्रत मी करंजाला नेतोय, आणि दुसरी सगळ्या घोडेमालकांना. तेव्हा त्यांनी खण पुन्हा उघडला.

उरणची एसटी पकडली. बंदरावर लिलाव नुकताच संपला होता. सायली बांगड्यांच्या टोपल्या मोकळ्या करत होती, शेजारी तिची आई. मी कागद पुढे केला. तिने हात ओढणीला पुसले आणि वाचू लागली. डावा खांदा अजून उजव्यापेक्षा जरा खाली आहे, तुम्हाला सांगायचं होतं.

"काय लिवलंय?" आईने विचारलं.

"माजी चूक नवती, आसं लिवलंय."

"ते आमाला ठावं होतं," आई म्हणाली आणि टोपली पाण्यात बुचकळली. "ह्यांना आता कललं काय?"

सायलीने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. खवले लागून एका कोपऱ्यावरची शाई पसरली होती. शेवटी सहीवर बोट ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

"चाचांनी वाचला? जायच्या आदी?"

शेजारच्या बोटीवर बर्फ फोडत होते. त्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

तिने पुन्हा विचारलं.